मेनेलिक बादशहाचा इंजिनिअर

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ज्यांनी पाहिले असेल त्यांना तेथील जुन्या नहरींची माहिती असेलच. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, वस्तीत आणणारी ही योजना सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने सुरू केली. मलिक अंबर हा निजामशाहीचा कर्ता वजीर, एवढे आपणां सर्वांना ठाऊक असते. परंतु तो जन्माने हबशी होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दक्षिणेत येऊन पोचला, आणि परक्या राज्याच्या चाकरीत त्याने खडकी हे नगर वसवले, तिला पाणी दिले, ही गोष्ट आपण पुष्कळदा ओझरती वाचून पुढे जातो. या घटनेला पावणेतीनशे वर्षे लोटल्यावर त्याच्या मायदेशात नेमका उलटा प्रकार घडला. हबशांच्या बादशहाने आपल्या राजवाड्यात पाणी आणण्यासाठी दूर युरोपातील एका तरुणाला कामास लावले. त्या तरुणाचे नाव आल्फ्रेड इल्ग.

इल्ग हा स्वित्झर्लंडचा. 1854 साली तेथील फ्राउएनफेल्ड या गावी त्याचा जन्म झाला. आधी त्याने हातात हातोडा व कानस धरून यंत्रकामाची उमेदवारी केली, आणि मग झुरिच येथील तंत्रविद्यालयात यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे त्याला जे यश मिळाले त्यात तंत्रविद्यालयापेक्षा उमेदवारीचाच वाटा अधिक होता, असे मला वाटते. 1878 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, दोन स्विस कारागिरांना बरोबर घेऊन तो आफ्रिकेला निघाला. शोआचा राजा मेनेलिक याने एडनमधील स्विस व्यापाऱ्यांमार्फत कुशल माणसांची मागणी केली होती.

मेनेलिकने स्विस माणूस का मागवला, याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या चरित्रात सापडते. त्याचे तारुण्य मॅगडालाच्या डोंगरी किल्ल्यात, सम्राट थिओडोरच्या नजरकैदेत गेले होते. थिओडोरलाही युरोपीय विद्येची ओढ होती. पण ती भागवण्याची त्याची रीत निराळी. धर्मप्रसारासाठी आलेल्या युरोपीय कारागिरांना त्याने तोफा ओतण्याच्या कामास जुंपले. सुमारे सात टन वजनाची एक अवाढव्य उखळी तोफ त्यांनी ओतली, आणि शेकडो माणसांनी ती दोरांनी ओढत मॅगडालाच्या माथ्याजवळ नेली. पुढे त्याने इंग्रज वकिलातीची माणसेही कैदेत टाकली, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्याच्यावर सैन्य धाडले. हे सैन्य आपल्या मुंबईहून निघाले होते. त्याचा सेनापती नेपियर हा मुंबई फौजेचा सरसेनापती. त्याच्याबरोबर हिंदुस्थानातून हत्ती गेले, सामान गेले, आणि लाल समुद्राच्या काठी झुला येथे लष्करासाठी काही मैलांचा लोहमार्गही टाकण्यात आला. एप्रिल 1868 मध्ये मॅगडाला पडले व थिओडोरने स्वतःच्या हाताने जीव दिला. मेनेलिक त्यापूर्वी तीन वर्षे किल्ल्यातून निसटून शोआत जाऊन राजा झाला होता.

या सर्व प्रकरणाचा धडा त्याने दुहेरी घेतला असावा. युरोपची विद्या नसेल तर तरणोपाय नाही. आणि ती विद्या ज्या माणसाबरोबर येते त्या माणसामागे एखादे साम्राज्य उभे असेल, तर विद्येबरोबर फौजही येते. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, आरमार नाही, वसाहती नाहीत. तेथला लोहार हा नुसता लोहारच असण्याचा संभव अधिक.

झेला बंदरावर प्रवासाची परवानगी मिळेपर्यंत इल्गला महिनोन्‌महिने तिष्ठत बसावे लागले. मग उंटांच्या तांड्याबरोबर वाळवंट तुडवीत 1879 च्या आरंभी तो अँकोबर या मेनेलिकच्या राजधानीत पोचला. पहिल्या भेटीबद्दल एक आख्यायिका सांगतात. राजाने या इंजिनिअरला पहिले काम सांगितले ते जोडे करण्याचे! मी चांभार नाही, असे इल्गने सांगून पाहिले. पण राजा ऐकेना. तेव्हा त्याने एक जोडा घेऊन त्याची शिवण उसवली, आतली रचना पाहून घेतली, आणि तसाच दुसरा जोड तयार करून दिला. मग राजाने बंदूक मागितली. तीही त्याने घडवून दिली, व वर सांगितले की युरोपातून विकत आणलेली बंदूक यापेक्षा स्वस्त पडेल आणि चांगली चालेल. गोष्टीत तिखटमीठ किती हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या काळच्या अँकोबरमध्ये इंजिनिअर या शब्दाला स्वतंत्र अर्थच नव्हता. जो हाताने वस्तू करतो तो कारागीर, आणि हबशी समाजात लोहाराचे काम हीन मानले जाई. लोखंड तापवणाऱ्या माणसाला दृष्ट लावणारा म्हणून लोक टाळत. अशा ठिकाणी राजाच्या शेजारी बसून घण उचलणारा परदेशी मनुष्य म्हणजे सर्वांनाच कोडे पडले असणार.

इल्ग अम्हारिक भाषा उत्तम शिकला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. दरबारात आलेल्या बहुतेक युरोपीयांना दुभाष्यावाचून चालत नसे, आणि दुभाष्या नेहमीच कोणाचा तरी माणूस असतो.

त्याच्या बांधकामांपैकी आवाश नदीवरील पूल हे पहिले मोठे काम. ते 1880 नंतरच्या दशकातले. पावसाळ्यात ही नदी दुथडी भरली की देशाचे दोन तुकडे पडत. पूल बांधावयाचा म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. चाकाची गाडी जाईल असा रस्ता देशात नव्हता. जे काही न्यावयाचे ते खेचराच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. त्यामुळे यंत्रशास्त्राच्या पुस्तकातली गणिते बाजूला राहतात, व खेचर किती वजन पेलते हेच बांधकामाचे पहिले परिमाण ठरते. तुळई लाकडाची, कारण लोखंडाची तुळई समुद्राकाठाहून वर आणणारा प्राणी अस्तित्वात नाही. खिळे व पट्ट्या जागेवरच भात्यावर ठोकून करावयाच्या. उमेदवारीत शिकलेला हातोडा कामी आला तो येथे.

1886 च्या सुमारास राणी तायतूच्या पुढाकाराने एन्टोटोच्या डोंगरपायथ्याशी, उन्हाळ्याच्या झऱ्यांजवळ, नवे नगर वसू लागले. अदिस अबाबा, म्हणजे नवे फूल, असे नाव त्याला मिळाले. 1889 मध्ये मेनेलिक सर्व इथिओपियाचा सम्राट झाला आणि हे नगर साम्राज्याची राजधानी बनले. राजवाडा एका टेकडीवर होता. तेथे पाणी घागरींनी वाहून न्यावे लागे. 1890 नंतरच्या काही वर्षांत इल्गने एन्टोटोच्या डोंगरावरील झऱ्याचे पाणी नळाने वाड्यात आणण्याचे योजले, तेव्हा दरबारी मंडळींनी त्याची थट्टा केली. डोंगरावरून पाणी खाली येईल हे त्यांना मान्य होते. पण मधल्या सखल भागात उतरलेले पाणी पुन्हा टेकडी चढून वर कसे जाणार?

प्रश्न हास्यास्पद मुळीच नव्हता. उघड्या पाटातले पाणी चढत नाही, हे शेतकऱ्याला पक्के माहीत असते. परंतु बंद नळातले पाणी निराळे वागते. नळाचे एक तोंड उंच झऱ्यात व दुसरे त्याहून किंचित ठेंगण्या टेकडीवर असेल, तर मधली दरी कितीही खोल असो, मागच्या पाण्याचा भार पुढच्या पाण्याला वर ढकलतो आणि पाणी आपली पातळी गाठते. मात्र या भाराची किंमत नळाला द्यावी लागते. दरी जितकी खोल तितका तळाशी दाब अधिक. दर दहा मीटर खोलीमागे साधारणतः एका वातावरणाइतका. म्हणजे सगळी परीक्षा सांध्यांची. आणि उंटांवर व खेचरांवर आणावयाचा नळ आखूडच असणार, त्यामुळे सांधे पुष्कळ. युरोपात जे काम कोणाही नगरपालिकेच्या मुकादमाने केले असते, ते येथे धाडसाचे ठरले ते यासाठी. अखेर पाणी वाड्यात आले. राजधानीत त्यावर कवने रचली गेली. पाणीदेखील बादशहाला वंदन करण्यासाठी वर चढते, असा त्यांचा आशय होता. स्तुती बादशहाची झाली, इंजिनिअरची नव्हे. दरबारी चाकरीत ते ओघानेच येते.

याच काळातील त्याच्या स्वभावाची साक्ष एका अनपेक्षित ठिकाणी मिळते. फ्रेंच कवी आर्थर राँबो याने ऐन तारुण्यात काव्याला रामराम ठोकला व तो एडन आणि हरार येथे व्यापारी झाला, हे साहित्यप्रेमी श्रोत्यांना ठाऊक असेल. 1887 साली तो बंदुकांचा तांडा घेऊन मेनेलिककडे आला, तेव्हापासून इल्गशी त्याचा परिचय. नंतर काही वर्षे दोघांचा पत्रव्यवहार चालला होता. पत्रांत कवितेचे नावही नाही. भांडी, कापड, कॉफी, थकलेली येणी आणि न खपणारा माल यांचाच पाढा. एका पत्रात राँबोने एक चांगले खेचर आणि दोन गुलाम पोरे पाठवण्याची मागणी केली. खेचराचे बघू, पण गुलाम आपण कधी विकत घेतले नाहीत व तशी सुरुवात करण्याची इच्छाही नाही, असे इल्गने त्याला कळवले. ज्या देशात गुलामांचा बाजार उघड भरत होता, आणि ज्याच्या चाकरीत तो होता त्या राजाच्या घरीही गुलाम होते, तेथे राहून हे लिहिणे मला सोपे वाटत नाही. त्याच वेळी हेही नजरेआड करता कामा नये की इल्ग स्वतः व्यापारही करीत होता. राजाचा इंजिनिअर, राजाचा विश्वासू आणि राजाच्या राज्यातला व्यापारी या तीन भूमिका एकाच अंगरख्यात वावरत होत्या. पुढील कथेचे बीज येथे आहे.

1889 च्या मे महिन्यात मेनेलिकने इटलीशी वुचाले येथे तह केला. तहाच्या दोन प्रती होत्या, एक अम्हारिक व एक इटालियन. परराष्ट्रांशी बोलणी करताना इथिओपियाच्या सम्राटाला इटलीची मदत घेता येईल, असे सतराव्या कलमाच्या अम्हारिक प्रतीत होते. इटालियन प्रतीत तीच मदत घेणे त्याच्यावर बंधनकारक झाले होते. या एका क्रियापदाच्या जोरावर इटलीने साऱ्या देशावर आपले संरक्षण जाहीर केले! मेनेलिकने तो तह 1893 मध्ये झुगारून दिला. पुढे युद्ध जुंपले, आणि 1 मार्च 1896 रोजी अद्वा येथे इटालियन फौजेचा पुरा मोड झाला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात इटलीने इथिओपियाचे स्वातंत्र्य मान्य केले. मग युरोपीय वकिलांची अदिस अबाबाकडे रीघ लागली. 1897 मध्ये फ्रान्स व ब्रिटन यांची शिष्टमंडळे आली, आणि त्यांच्या समोर बसलेला बादशहाचा सल्लागार होता इल्ग. त्याच वर्षी त्याला राज्याचा मंत्री-सल्लागार हे पद व त्यासोबतचा मान देण्यात आला. क्रियापदांवरून राज्ये जातात हे कळून चुकलेल्या बादशहाला, दोन्ही भाषा जाणणारा आणि कोणत्याही बड्या राष्ट्राचा नसलेला माणूस सोन्याहून मोलाचा होता.

परंतु याच सुमारास त्या माणसाच्या डोक्यात लोहमार्ग शिरला होता.

कल्पना मुळात निर्दोष होती. समुद्रकाठापासून अदिस अबाबाची उंची सुमारे 2400 मीटर. तांड्याला हे अंतर तोडण्यास आठवडेच्या आठवडे लागत; वाटेत जनावरे मरत, कॉफीची किंमत भाड्यातच बुडे. मेनेलिकने 1893 मध्ये पाहणीची परवानगी दिली आणि 9 मार्च 1894 रोजी 99 वर्षांची सनद इल्गच्या नावाने करून दिली. पहिला टप्पा जिबुती ते हरार, दुसरा हरार ते राजधानी, तिसरा काफा प्रांतातून थेट पांढऱ्या नाईलपर्यंत. मार्गाबरोबर तारायंत्राची ओळही टाकावयाची होती. इल्गचा भागीदार होता लेऑन शेफ्नो, हा इथिओपियात शस्त्रांचा व्यवहार केलेला फ्रेंच गृहस्थ.

आता सनदेतील भूगोल पाहा. इथिओपियाला स्वतःचे बंदर नव्हते. इटलीने मसावा घेतले होते, इंग्रजांनी झेला, फ्रेंचांनी जिबुती. मार्ग कोठूनही काढला तरी त्याचे तोंड परक्याच्या हातात राहणार. इल्ग व शेफ्नो यांनी फ्रेंचांचे तोंड पसंत केले व 1896 मध्ये पॅरिसला कंपनी स्थापन केली. तिच्या नावात 'शाही' हा शब्द होता. भांडवल मात्र फ्रेंच बाजारातून यावयाचे होते. ऑक्टोबर 1897 मध्ये काम सुरू झाले. मीटर मापाचा रूळ, तापलेला खडकाळ प्रदेश, पाण्याची टंचाई, आणि इसा टोळ्यांचे हल्ले. त्यांच्या कुरणातून हा मार्ग जात होता व त्यांच्या उंटांचे भाडे तो कायमचे बुडवणार होता, तेव्हा त्यांच्या बाजूने पाहता तो विरोध अगदीच अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. होल-होलसारख्या दऱ्यांवर लोखंडी पूल उभारावे लागले. पैसा अंदाजापेक्षा फार भरभर संपला.

हरारपर्यंत तर रूळ गेलाच नाही. हरार डोंगरमाथ्यावर, सुमारे 1900 मीटर उंचीवर आहे. मध्ये चढ असा की त्यावर साधी आगगाडी नेण्याचा खर्च कंपनीला झेपणारा नव्हता. तेव्हा डोंगराखाली, सुमारे 1200 मीटर उंचीवर, मोकळ्या मैदानात मार्ग थांबवण्यात आला व तेथे दिरे दावा हे नवे गाव वसले. 1902 च्या डिसेंबरात तेथे पहिली गाडी पोचली. जिबुतीपासून तीनशेंहून थोडे अधिक किलोमीटर.

पण त्याआधी दहा महिने जे घडले त्याने सगळा रंग पालटला होता. पैशाच्या अडचणीत कंपनीने इंग्रज भांडवलदारांना आत घेतले. मार्ग इंग्रजांच्या हाती जाणार म्हणून पॅरिसमध्ये ओरड झाली, आणि फेब्रुवारी 1902 मध्ये फ्रेंच सरकारने कंपनीशी करार करून तिला पन्नास वर्षे दरसाल पाच लाख फ्रँकांची मदत देऊ केली. मोबदल्यात मार्गावर सरकारचा ताबा आला. मार्गाचा मोठा भाग इथिओपियाच्या भूमीवर. सनद इथिओपियाच्या सम्राटाची. आणि सौदा झाला तो त्याला न विचारता. वुचालेचे सतरावे कलम निराळ्या पोशाखात परत आले, असे मेनेलिकला वाटले असल्यास नवल नाही. त्याने दिरे दाव्याच्या पुढे मार्ग वाढवण्यास अनुमती दिली नाही. अद्व्याला तोफांनी जे झाले नव्हते ते कर्जरोख्यांनी होऊ द्यावयाचे नाही, हा त्याचा निश्चय होता.

यात इल्गचा अपराध कोणता? त्याने देश विकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो पंचवीस वर्षे या देशात राबला होता, आणि लोहमार्गाशिवाय हे राज्य टिकणार नाही असे त्याचे प्रामाणिक मत होते. परंतु सनद त्याच्या नावाने होती. बादशहाला लोहमार्गासंबंधी सल्ला देणारा मंत्री आणि लोहमार्गाचा सनदधारक हे एकच गृहस्थ होते. पूल व नळ बांधून झाले की ते राजाचे होतात. त्यांना भागधारक नसतात. लोहमार्ग बांधून होण्याआधीच दुसऱ्या कोणाचा तरी झालेला असतो. हा फरक त्याच्या ध्यानी आला नसेल असे मला वाटत नाही. पण तोवर फार उशीर झाला होता. इंग्रज वकील त्याला फ्रेंचांचा हस्तक समजत. फ्रेंचांना तो पुरेसा फ्रेंच वाटत नसे. दरबारात नवे सल्लागार आले होते. 13 डिसेंबर 1906 रोजी ब्रिटन, फ्रान्स व इटली यांनी आपापसांत करार करून इथिओपियातील आपापले हितसंबंध व प्रभावक्षेत्रे ठरवून घेतली. पुढल्याच वर्षी रेल्वे कंपनी बुडाली, आणि त्याच 1907 साली इल्गने आपले पद सोडले. तो झुरिचला परतला. जमवलेल्या वस्तू व शेकडो छायाचित्रे त्याने बरोबर नेली होती. झुरिच विद्यापीठाच्या संग्रहालयात त्यांतील बराच ठेवा आहे.

1908 च्या जानेवारीत मेनेलिकने नव्या कंपनीसाठी नवी सनद दिली, ती आपल्या फ्रेंच वैद्याच्या, डॉ. व्हितालियँच्या नावाने. म्हणजे इंजिनिअर गेला आणि वैद्य आला. परदेशी भांडवलाशी बोलण्यास विश्वासातला एखादा परदेशी माणूस लागावा, ही अडचण होती तेथेच राहिली. 1913 च्या डिसेंबरात मेनेलिक वारला. 7 जानेवारी 1916 रोजी झुरिच येथे इल्गचे निधन झाले. रूळ अदिस अबाबाला पोचले ते त्यानंतर सव्वा वर्षाने, 1917 मध्ये. एकूण लांबी 784 किलोमीटर, आणि सुरुवातीपासून सुमारे वीस वर्षे.

2 मे 1936 रोजी, इटालियन फौजा राजधानीच्या जवळ आल्या असता, सम्राट हैले सेलासी याच मार्गाने गाडीत बसून जिबुतीस गेला व तेथून परदेशी रवाना झाला. तीन दिवसांनी शत्रू अदिस अबाबात शिरला. पाच वर्षांनी सम्राट परतला आणि जुना मीटर मापाचा रूळ आणखी कित्येक दशके चालला. 1993 मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाल्यावर इथिओपिया पुन्हा बंदराविना उरला, व त्याचा बहुतेक सागरी व्यापार जिबुतीकडे वळला. 2016 मध्ये त्याच दोन टोकांना जोडणारा नवा, विजेवर चालणारा रुंद लोहमार्ग सुरू करण्यात आला. या वेळी तो बांधला चिनी कंपन्यांनी, चिनी कर्जावर.